खिडकीपाशी तीच उभी राहील

पोरी,

तुझं पत्र मिळालं. लेकाकडून निर्वाहभत्ता मिळावा म्हणून तू ज्या आजींचा अर्ज केलास, त्या सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांसमोर म्हणाल्या, "माझी काही तक्रार नाही, लेक चांगला सांभाळतो." लेक शेजारीच उभा. तू व्हरांड्यात येऊन रडलीस, आणि आता मला विचारतेस की त्यांनाच नको असेल तर मी कशाला जीव काढू? त्यापेक्षा पुण्याला जाऊन एमपीएससीची तयारी केली तर काय वाईट?

वाईट काहीच नाही. जायचं तर जा. पण निघण्याआधी तुझ्याच पत्रातली एक ओळ तुला दाखवते. तू लिहिलंयस, "मी महिना दहा हजारांची मागणी ठेवली." मी ठेवली! आजींनी किती म्हटलं होतं ते अख्ख्या पत्रात कुठंच नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात १०,००० ही निर्वाहभत्त्याची वरची मर्यादा आहे, आणि तुझ्या आजींचा लेक मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारा गडी. त्यानं दहा हजार आणायचे कुठून? आणि प्रांतांनी हुकूम काढला असता तर त्या रात्री घरात काय झालं असतं, हे आजींना तुझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्या घाबरून बोलल्या असं मला वाटत नाही. अर्ज तुझा होता, तो त्यांनी तुला परत दिला.

रागावू नकोस. तुझ्या बरोबरीच्या मुली गावातून बाहेर पडायला बघतात आणि तू एका म्हातारीच्या कागदासाठी धारूरच्या डोंगरातनं एसटीनं हिंडतेस. याचं मोल मला कळतं. कळतं म्हणूनच खडसावतेय. जिच्यात काही नाही तिला मी "छान चाललंय" म्हणून मोकळी होते.

माझं सांगणं एकच आहे आणि ते तू माझ्याकडून आधीही ऐकलंयस. खिडकीपाशी तीच उभी राहील. खिडकी सेतूची असो, बँकेची असो नाहीतर तहसीलची. अर्ज तिच्या तोंडच्या शब्दांत, पावती तिच्या पिशवीत, साहेबांनी विचारलं तर उत्तर तिचं. तू एक पाऊल मागं उभी राहा. तिच्या वतीनं बोलू नकोस. कायदा तुला बोलू देतो हे मला माहीत आहे. बाई स्वतः अर्ज करू शकत नसेल तर ती दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला अधिकार देऊ शकते, तशी तरतूद आहे. ती अंथरुणाला खिळलेल्या बाईसाठी आहे. तुझ्या आजी अजून सरपण आणतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी किल्लारीच्या बाजूला पत्र्याच्या शेडांमध्ये काम करायला गेले, तेव्हा तुझ्याच वयाची होते. याद्या करणारे यायचे आणि कुटुंबप्रमुखाचं नाव विचारायचे. एकट्या म्हातारीच्या दारात पुतण्या, जावई, जो कोणी बाप्या उभा असेल त्याचं नाव लागायचं. आम्ही पोरी धावत जाऊन भांडायचो, नाव दुरुस्त करून आणायचो. पुढं दुसरी यादी निघायची, आणि ती बाई पुन्हा आमचीच वाट बघत बसलेली असायची. आम्ही शेडात नसलो की तिचा कुणीच वाली नसायचा. तिथं मी हे शिकले, आणि नंतर ज्या ज्या ठिकाणी काम केलं त्या त्या ठिकाणी यावरूनच भांडले.

एका संस्थेत तर हे फारच टोकाला गेलं. त्यांना आकडा हवा होता. सगळ्या म्हाताऱ्यांची आधार कार्डं गोळा करा, एका दिवसात सेतूवाल्याकडं बसून पेन्शनचे अर्ज भरून टाका, फोटो काढा, अहवाल पाठवा. मी म्हटलं, मी एका वेळी तीन बायका नेईन आणि तीनही बायका स्वतः बोलतील. "ताई, अशानं दहा वर्षं लागतील." लागू देत. मला म्हणाले, तुम्ही म्हाताऱ्यांना उन्हात ताटकळत ठेवता, ही कसली सेवा? मी सोडलं ते काम. अजूनही लोक म्हणतात की मी अडून बसले नसते तर तालुक्यात शेकडो पगार (पेन्शनला गावात पगारच म्हणतात) जास्त सुरू झाले असते. झालेही असते. आणि हयातीचा दाखला द्यायची वेळ आली की त्यातले किती बंद पडले असते, हे मला विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अर्ज भरणारा कार्यकर्ता तोवर दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो.

त्या तीन-तीनच्या फेऱ्यांतली एक आजी सांगते. सेतूत अंगठा लागेना. मुलगा म्हणाला, "आजी, बोट नीट ठेवा." आजींनी हात धुतला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मशीन लालच. "नीटच हाय रे बाबा, पाचटानं घासलंय त्ये. रेघाच ऱ्हायल्या न्हाईत." मी मागं उभी, ओठ घट्ट मिटून. मला माहीत होतं की डोळ्याच्या बुबुळावरूनही ओळख पटवता येते. पण ते मी त्यांना बसमध्ये सांगून ठेवलं होतं, खिडकीपाशी बोलणार नव्हते. बराच वेळ गेला. मग त्यांनीच विचारलं, "डोळ्याचं मशीन हाय का तुज्याकडं?" मुलानं कपाटातून काढलं. त्यानंतर त्या वस्तीतल्या ज्या बाईचा अंगठा लागत नसे ती माझ्याकडं आलीच नाही, आजींकडं गेली.

आता तू म्हणशील, एवढं सगळं त्यांना जमेल का? हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. १९७२ च्या दुष्काळात या बायांनी खडी फोडली आहे. हजेरीपटावर खाडा चुकीचा लागला तर मुकादमाशी वाद घालून मजुरी काढून घेतली आहे. जन्मभर उचलीचा हिशेब तोंडी ठेवला आहे. तिला तलाठ्यापुढं बोलता येणार नाही असं तुला कुणी सांगितलं? (तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. गावात तलाठीच म्हणतात, मीही म्हणते.) तिला एवढंच माहीत नसतं की कुठल्या टेबलावर काय मागायचं. ते सांगणं तुझं काम.

म्हणून ते तरी नीट शिक. तुझ्या पत्रात "विविध शासकीय योजना" असा शब्द आहे, त्यानं कुणाचं पोट भरत नाही.

लाडकी बहीण ६५ पर्यंतच आहे. ६५ पूर्ण झाली की ते पैसे थांबतात, आणि बाई बँकेतून रिकाम्या हातानं परत येते. पुढं श्रावणबाळची पेन्शन आहे, तेही महिना १५००. पण ते आपोआप सुरू होत नाही, नवा अर्ज करावा लागतो. आणि मेख अशी की लाडकी बहिणीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला वर्षाला २१,०००. म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात कुठलं घर चालतं ते मला दाखव. कालपर्यंत जी पात्र होती ती ६५ व्या वाढदिवशी अपात्र ठरते. बरं, वाढदिवस तरी कुठला, आधारवर सगळ्यांचीच १ जानेवारी. वयाचा पुरावा नसेल तर रडत बसू नको. शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय चालतं, तेही नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला इथं नवऱ्याचा कुठलाच कागद लागत नाही, वय, उत्पन्न आणि राज्यातला रहिवास एवढंच बघतात. शैला लोहियांनी अंबाजोगाईत मनस्विनी प्रकल्प उभा केला तो अशा परित्यक्ता बायांसाठी. त्या वेळच्या तरण्या बाया आज म्हाताऱ्या झाल्यात. ना विधवा, ना घटस्फोटित. त्यांना आधी शोध.

७० च्या पुढच्या बाईचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढ, त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. एसटीत बायांना अर्धं तिकीट, ७५ च्या पुढं फुकट. तेव्हा "गाडीभाड्याला पैसे नाहीत" म्हणून तू एकटीनं तहसीलला जायचं कारण नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडं कुठल्याही बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १४५६७ हा ज्येष्ठांचा मदतीचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये तिच्याच बोटानं टाकून घे.

आणि जमीन. इथं थोडं थांबते, कारण हे माझं दुखणं आहे.

माझे वडील गेले तेव्हा वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर भावांची नावं लागली आणि आईचं नाव गेलं इतर हक्काच्या रकान्यात, मालकांत नाही. कायद्यानं विधवेचा हिस्सा लेकरांच्या बरोबरीचा, १९५६ पासून. मी फेरफाराची नक्कल काढली, हरकतीचा अर्ज लिहिला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं तो घडी घालून माझ्या पर्समध्ये परत ठेवला. "मला काई नको माय. भावाभावात वाकडं नको." मी खूप बोलले, चिडले, महिनाभर माहेरी गेले नाही. तिनं सही केली नाही ती नाहीच. शेवटची काही वर्षं ती गोळ्यांच्या पैशासाठी सुनेचं तोंड बघत होती. मी देत होते. माझ्याकडून घ्यायची ती, पण लपवून. ती गेली तेव्हाही इतर हक्कातच होती. हे मला आजही खुपतं, आणि पुन्हा तीच वेळ आली तरी मी तिच्या सहीशिवाय तो अर्ज देणार नाही. जमीन तिची, नाही म्हणायचा हक्कही तिचाच. माझा भाचा मला म्हणाला होता, आत्या, तू तिच्या नावानं टाकून द्यायचास अर्ज, तिला कुठं कळणार होतं? त्याला मी घराबाहेर काढलं होतं.

तेव्हा तुझ्या आजींनी सुनावणीत नकार दिला म्हणून तुझं वर्ष वाया गेलं, असलं काही माझ्यासमोर बोलू नकोस. नकार तरी त्यांनी साहेबांच्या टेबलापुढं स्वतःच्या तोंडानं दिला. पुष्कळ जणींना तेवढंही करता येत नाही.

पण त्यांना पुढचं सगळं कळलं पाहिजे, हेही खरं. लेकाला शेत बक्षीसपत्रानं देणार असतील तर त्यात सांभाळण्याची अट लिहिलेली असू दे, म्हणजे उद्या त्यानं सांभाळलं नाही तर त्याच २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ते पत्र रद्द करायला मागता येतं. हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायच्या आधी एक रात्र मागून घ्यायला सांग. हेही सांग की प्रांतांकडं जायचं म्हणजे लेकाला तुरुंगात घालणं नव्हे. तडजोडीचा रस्ता आधी असतो. त्यात त्या दोन पोती ज्वारी, वेगळी चूल आणि गोळ्यांचा खर्च एवढंच मागू शकतात. तुझ्या दहा हजारांपेक्षा ते कदाचित त्यांना जास्त हवं असेल. विचारलंस का कधी?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावीच लागते. तुमच्या गावात ती रजिस्टरात होते की चावडीत, ते बघून ये. ग्रामपंचायतीनं उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. साठीच्या पुढच्या दहा बायकांनी एकत्र जाऊन विचारलं की गेल्या वर्षी ते कुठं गेले, तर ग्रामसेवकाला उत्तर द्यावं लागतं. तू एकटीनं विचारलंस तर तो तुला "मॅडम, बसा, चहा घ्या" म्हणतो. तिथंच ठराव करून घ्या की २१,००० ची मर्यादा वाढवा. एका गावाच्या ठरावानं ती वाढत नाही हे मलाही कळतं. तरी करा. आणि वाचून दाखवायचा तो सरपंचानं किंवा तू नव्हे.

तू स्वयंसेवक शोधत फिरतेस म्हणालीस, कॉलेजातली मुलं मिळत नाहीत म्हणालीस. नको शोधूस. निवृत्त शिक्षिका असेल गावात तर तिला पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक, होण्यासाठी अर्ज करायला लाव, ज्येष्ठांना त्यात घेतात. बाकीच्यांना अक्षर येत नसलं तरी चालेल. जिचा पगार सुरू झालाय तिनं पुढच्या बाईला खिडकीपर्यंत न्यायचं, एवढंच काम.

एमपीएससीचं तू ठरव. उद्या तहसीलदार झालीस तर खिडकीच्या आतून तरी हे आठवेल.

पण त्याआधी आजींकडं जाऊन ये. सुनावणीचा विषय काढू नकोस, चहा घे. त्यांना विचार की पलीकडच्या वस्तीवर कुणाचा पगार थांबलाय. त्यांना सोबत घेऊनच तिकडं जा, आणि बोलणं त्यांना करू दे. जे काही करायचं ते दसऱ्याआधी कर. नंतर लेक-सून कारखान्याला जातील, नातवंडं आजींच्या गळ्यात पडतील, आणि पाडव्यापर्यंत त्यांना उसंत मिळणार नाही.

तुझी,
मावशी