घर तारण ठेवू नका, त्याला नोकरी करू द्या

भोसरीहून एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा ३४ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा. सात वर्षं चाकणला नोकरी, मग पाच वर्षं स्वतःचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना पार्ट बनवून देण्याचं वर्कशॉप; एक व्हीएमसी (धातू कापून पार्ट बनवणारं, संगणकावर चालणारं मशीन), तीन कामगार. आता त्याला पुन्हा नोकरी धरायची आहे. वडील लिहितात, 'मालकाचा नोकर झाला, लोकांना काय सांगू? तुम्ही त्याला समजवा.'

काका, मी त्याला समजावणार नाही. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मनातून जात नाहीत. 'रात्री गाडी खाली लावून अर्धा तास तसाच बसून राहतो.' आणि लगेच पुढे, 'दुसऱ्या मशीनसाठी राहतं घर तारण द्यायला मी तयार आहे.' तुमची माया कळते. पण एका मशीनचा हप्ता भरताना ज्याची दमछाक होतेय, त्याच्या डोक्यावर तुम्ही दुसरा हप्ता आणि आई-बापाचं छप्पर, दोन्ही ठेवताय. त्याचा पाय जिना का चढत नाही, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. घर अजिबात तारण ठेवू नका.

बिलं चार-चार महिने अडकतात म्हणता. कायद्याने लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत, सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. पण सगळं काम एकाच कंपनीचं असलं की तक्रारीला हात धजत नाही. हा त्याचा नाकर्तेपणा नव्हे.

एमपीएससीचं विचारलंत. खुल्या गटाला वयाची अट ३८ आहे, पण हप्ता चालू असताना तो रस्ता नको.

'धंदा केलेल्याला कंपन्या घेत नाहीत, पाच वर्षं वाया गेली' हे तुमचं म्हणणं मात्र साफ चूक. सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ), टूलचा खर्च, रिजेक्शन (नाकारलेले पार्ट) धरून पार्टचा दर कसा बसवायचा, हे तो स्वतःच्या खिशाला चटके खाऊन शिकलाय. व्हेंडर डेव्हलपमेंटला, सोर्सिंगला, म्हणजे कंपनीसाठी पुरवठादार शोधून घडवायच्या आणि माल घ्यायच्या कामाला, असाच माणूस लागतो. पुरवठादाराच्या मशीनपाशी उभं राहून दर कुठे फुगवलाय ते त्याला दिसतं. बायोडेटात ती वर्षं लपवू नका. कुठले पार्ट केले, किती मायक्रॉनपर्यंतच्या अचूकतेने, तेही लिहायला सांगा. आणि पहिल्या नोकरीतली पीएफमधली पेन्शनची रक्कम काढली नसेल, तर ती सात वर्षंही धरली जातात. एकूण १० भरली की पेन्शनचा हक्क लागतो.

आधी बँकेकडून कर्जाची बाकी लेखी घ्या, मग मशीनला गिऱ्हाईक बघा. कर्ज असताना बँकेला न विचारता ते विकता येणार नाही. जीएसटी नोंदणी रद्द झाली की तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न भरायचं असतं. तिघा कामगारांना त्याने स्वतः, महिनाभर आधी सांगावं.

आणि लोकांनी विचारलंच, तर 'चाकणला कंपनीत लागलाय' म्हणा.