भूकंपलहरींवरून मॅन्टलमध्ये काय आहे ते खरंच कळतं, की सगळा अंदाजच? यात एम.एस्सी. करावी का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘तिथवर कोणी गेलेलंच नाही, मग हे अंदाजच ना?’ ही ओळ नसती तर मी पुढे गेलो असतो. पी ही भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर, एस तिच्या मागून येणारी, एस द्रवातून जात नाही वगैरे शाळेच्या पुस्तकात आहेच. पण तुमचं हे ‘अंदाजच ना’ वाक्य आमचे साडू गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाच्या पंगतीत मला ऐकवतात.

साडूंचा बोअरवेलचा धंदा आहे. त्यांचं म्हणणं, ‘आपण भोक पाडतो, मुरूम लागला, पाषाण लागला, डोळ्यांनी बघतो. तुमचं सगळं अंदाजपंचे.’ आणि बोअरची जागा कशी ठरते? पायाळू माणूस आणायचा, त्याच्या तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि त्याला शेतभर फिरवायचा. नारळ उभा राहिला की तिथे गाडी लावायची. हे गृहस्थ मला अंदाजावरून बोलणार!

भोक पाडूनच बघायचं म्हटलं तर हिशेब असा. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला इथलं, १२ किलोमीटर आणि वर थोडं. आपल्या कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेली चाचणी विंधनविहीर ३ किलोमीटर. मॅन्टल, म्हणजे पृथ्वीचं वरचं कवच आणि गाभा यांच्यामधला खडकाचा जाड थर, आपल्या पायाखाली सुरू होतं साधारण ३५-४० किलोमीटरवर आणि संपतं २,९०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे साडूंच्या पद्धतीने अजून दारापर्यंतसुद्धा पोचलेलो नाही.

आता मे २०१३ ची गोष्ट. तेव्हा सोलापूर जिल्ह्यात एका शाळेच्या मागे आमचं भूकंपाच्या नोंदी घेण्याचं केंद्र होतं. केंद्र म्हणजे फार काही नाही. काळा पाषाण लागेपर्यंत खड्डा, पाषाणावर सिमेंटचा ओटा, ओट्यावर भूकंपमापक. बुडबुडा मधोमध आणून तो समपातळीत करायचा, खऱ्या उत्तरेला तोंड करायचं, तापमान हलू नये म्हणून भोवती थर्माकोल, वरून झाकण आणि माती. बाहेर सौर पॅनल आणि शेळ्यांसाठी कुंपण. एरवी शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की नोंदीचा जाड पट्टा व्हायचा, कामाचं काही दिसायचं नाही. त्या वर्षी दुष्काळ. विहिरी आटलेल्या, मोटारी बंद. गावाचे हाल आणि आमची नोंद आरशासारखी स्वच्छ. (साडूंचा धंदाही त्या वर्षी जोरात होता. ते असो.)

२४ मेला मी केंद्राची तपासणी करत होतो. साडूंची गाडी त्याच तालुक्यात लागलेली, म्हणून ते डबा घेऊन आले. ‘काय पाव्हणं, एवढ्याशा खड्ड्यातून पाताळ दिसतंय का?’ लॅपटॉप जोडलेलाच होता. अकरा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास उभ्या घटकावर (जमिनीच्या वर-खाली हलण्याच्या नोंदीवर) एक टोकदार उसळी आली. पी लहर. दोनेक मिनिटांनी तिच्यासारखीच आणखी एक. साडू म्हणाले, पोरं उड्या मारत असतील. शाळेला सुट्टी होती.

ती दुसरी उसळी म्हणजे भूकंपापासून आधी वर जाऊन, जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून मग आपल्याकडे आलेली लहर. पहिलीत आणि तिच्यात दोन मिनिटं अंतर असेल तर भूकंप शेकडो किलोमीटर खोल हवा. एस आली आठेक मिनिटांनी, म्हणजे भूकंप हजारो किलोमीटर लांब. दोन आडव्या घटकांवरून दिशा ईशान्य. पृष्ठलहरी, म्हणजे जमिनीच्या वरच्या भागातून पसरणाऱ्या लहरी, मोठ्या येईनात, तेही खोल भूकंपाचंच लक्षण. मी तिथेच सांगितलं, ‘रशियाचा पूर्व किनारा, सहाशेच्या आसपास खोली.’ साडू चपातीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘अंदाज!’ संध्याकाळी बातमी आली: ओखोत्स्क समुद्र, ८.३ तीव्रता, खोली सुमारे ६०० किलोमीटर. मॉस्कोतल्या लोकांनासुद्धा हादरा जाणवला होता. मी साडूंना फोन केला. ते म्हणाले, ‘टीव्हीवर बघून सांगताय.’

तर मॅन्टल. ती पी लहर आमच्या खड्ड्यापर्यंत आली ती सुमारे साडेसात हजार किलोमीटर अंतर कापून, वाटेत दीड हजार किलोमीटरहून खोल मॅन्टलमधून. ती किती वाजता यायला हवी याचं प्रमाण गणित असतं, एके१३५ नावाचं प्रारूप त्यातलंच. प्रत्यक्षात ती सेकंदभर उशिरा आली तर वाटेत कुठेतरी खडक गरम किंवा वेगळ्या रचनेचा, लवकर आली तर थंड. एका लहरीवरून ‘कुठेतरी’ एवढंच कळतं. हजारो भूकंपांच्या, शेकडो केंद्रांवर आडव्यातिडव्या पोचलेल्या लहरी घेतल्या की ‘कुठे’ ते आवळत जातं. यालाच टोमोग्राफी म्हणतात. ४१० आणि ६६० किलोमीटरवर लहरींचा वेग एकदम वाढतो. प्रयोगशाळेत ऑलिव्हिनवर (मॅन्टलच्या वरच्या भागातलं मुख्य खनिज) तेवढा दाब आणि तापमान दिलं की त्याची रचना त्याच सुमाराला बदलते. दोन्हीकडचं उत्तर जुळतं, याला साडू काय म्हणतील मला माहीत आहे.

डोळ्यांनीच बघायचं असेल तर तेही झालंय. ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइटचा कण सापडला, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हे खनिज म्हणजे ऑलिव्हिनचंच जास्त दाबाखालचं रूप, ते ४१० ते ६६० किलोमीटरच्या मधल्या पट्ट्यात स्थिर असतं. तोवर ते फक्त उल्कापाषाणांत आणि प्रयोगशाळेत मिळालेलं होतं. पुढच्या लग्नात मी हे काढलं, तर साडू म्हणे, हिरा कुठे आहे, दाखवा.

आता मर्यादा, नाहीतर तुम्ही मला उद्या पकडाल. टोमोग्राफीचे ते लाल-निळे नकाशे (लाल म्हणजे मंद वेग, निळा म्हणजे जास्त) फोटो नव्हेत. बहुतेक ठिकाणी वेगातला फरक एक-दोन टक्क्यांचा असतो आणि रंगपट्टी कशी ताणली यावर चित्र भडक किंवा फिकं होतं. लाल म्हणजे गरमच असं नाही, रचनाही वेगळी असू शकते. आफ्रिकेच्या आणि पॅसिफिकच्या खाली, मॅन्टलच्या तळाशी, मंद वेगाचे दोन अवाढव्य भाग आहेत, ते नुसते गरम आहेत की वेगळ्या पदार्थाचे यावर अजून भांडण चालू आहे. समुद्रात केंद्रं कमी, तिथलं चित्र धूसर. २००७ मध्ये हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर भारताखालचा कठीण थर जेमतेम १०० किलोमीटर जाड असल्याचं लहरींवरून मांडलं, त्यावरही सगळे एकमताचे नाहीत. पण एकमत नसणं वेगळं आणि अंदाजपंचे वेगळं. इथे तुमचा आकडा चूक असेल तर दुसरा माणूस त्याच नोंदी घेऊन तो खोडून काढू शकतो. नारळाचं तसं नाही.

एम.एस्सी.: गणित आवडत असेल तर करा, नसेल तर अजिबात नको. भूकंपाची तारीख सांगायची हौस असेल तरी नको, ते कोणालाच जमत नाही. शक्य असेल तर एखाद्या केंद्राच्या उभारणीला जा, फावडं हातात घ्या. ज्यांनी फक्त संगणकावर रंग भरलेत, त्यांच्या नकाशावर माझा स्वतःचा कमी विश्वास असतो (विभागातल्या काहींना हे लागेल, लागू दे). घरबसल्या करायचं असेल तर ऑब्सपाय (भूकंपाच्या नोंदी हाताळायचं संगणकी साधन) शिका. जगभरातल्या शेकडो केंद्रांच्या नोंदी फुकट उतरवून घेता येतात. २४ मे २०१३, जागतिक वेळ पहाटे ५:४४ पासून पुढचा अर्धा तास घ्या, पी, तिच्यामागची ती दुसरी आणि एस अशा तिन्ही खुणा स्वतः करा. कंटाळा आला नाही तर प्रवेशाचा फॉर्म भरा.