आईविषयी बोलायचे आहे, पण मनात राग आहे

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. वयाच्या 87व्या वर्षी तुमच्या आई गेल्या. गोरेगावातल्या ज्या महिला मंडळासाठी त्या उभा जन्म राबल्या, त्या मंडळाने पुढच्या महिन्यात श्रद्धांजली सभा ठेवली आहे आणि थोरली मुलगी म्हणून तुम्ही बोलावे असा सर्वांचा आग्रह आहे. धाकट्या भावाने मजकूरही लिहून पाठवला आहे: ‘आदर्श पत्नी, वत्सल माता, निःस्वार्थ समाजसेविका, त्यागमूर्ती.’ तो वाचून तुम्हाला रडू येण्याऐवजी राग आला, कारण तुमच्या शालान्त परीक्षेच्या सकाळी आई शेजारच्या बाळंतिणीला घेऊन रुग्णालयात गेल्या होत्या आणि तुम्ही दोन धाकट्या भावांना जेवू घालून धावत परीक्षेला पोहोचला होतात. ‘इतक्या चांगल्या आईबद्दल माझ्या मनात हे का यावे, आणि ते मनात ठेवून मी सभेत उभी राहू का?’ असे तुम्ही विचारले आहे.

उभ्या राहा. माझ्या मते तुमच्याइतका त्या सभेत बोलण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

भावाच्या मजकुरात खोटे काही नाही, पण तो कोणत्याही वृद्धेच्या श्रद्धांजलीत जसाच्या तसा चालेल. तुमच्या पत्रात मात्र आई स्पष्ट दिसतात. 1972 च्या दुष्काळात धान्य, साखर, तेल आणि रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा त्या लाटणे घेऊन मोर्चात गेल्या होत्या, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. त्या ओळीपाशी थोडे थांबा. महागाईविरुद्धच्या त्या आंदोलनाच्या पुढे मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी होत्या. वेगवेगळ्या पक्षांच्या या बाया एका व्यासपीठावर आल्या, हे आजही अभिमानाने सांगितले जाते. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडल्यामुळे मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पण त्यांच्यामागे थाळ्या वाजवत चालणाऱ्या हजारो गृहिणींची नावे कुठे लिहून ठेवलेली नाहीत आणि तुमच्या आई त्यांतल्या एक होत्या.

आता त्या गृहिणींच्या घरांचा विचार करा. मोर्चा दुपारचा असला तरी पहाटे नळाचे पाणी भरावे लागे, स्वयंपाक उरकावा लागे, नवऱ्याचा डबा भरावा लागे आणि एवढे सगळे करून बाहेर पडताना लहान मुलांना कोणाच्या तरी ताब्यात द्यावे लागे. पुष्कळ घरांत ती ‘कोणीतरी’ म्हणजे थोरली मुलगी असे. तुमच्या घरी ती तुम्ही होतात. आईने समाजाला जे दिले त्यातला काही वाटा तुमच्या लहानपणातून गेला आणि तो देताना तुम्हाला कोणी विचारले नाही. ‘त्यागमूर्ती’ या शब्दाने तुम्ही दुखावलात याचे कारण मला हे दिसते: त्या शब्दात साऱ्या श्रमाची धनी एकटी आई होते आणि पोळ्या लाटणारी बारा-तेरा वर्षांची मुलगी त्या घरातून नाहीशी होते. हा राग कृतघ्नपणाचा नाही. त्याची लाज बाळगू नका.

महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. 1893 मध्ये झालेला त्यांचा पुनर्विवाह, त्यानंतरचा बहिष्कार, विधवांच्या शिक्षणासाठी कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला काढलेल्या संस्थेसाठी वर्गण्या गोळा करत त्यांनी केलेली वणवण हे आपल्याला माहीत असते. परंतु पती सगळे काही संस्थेला वाहत असताना घरखर्चाची तोंडमिळवणी करताना त्यांची किती ओढाताण झाली, हेही त्यांनी आपल्या आठवणींत आडपडदा न ठेवता सांगितले आणि त्या आठवणी त्यांच्या हयातीतच छापल्या गेल्या. त्या वाचून संस्थेबद्दलचा किंवा अण्णांबद्दलचा, म्हणजे महर्षी कर्व्यांबद्दलचा, आदर कोणाचा कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही. सेवेची किंमत घरातल्या माणसांनी भरली, हे सांगितल्यावरच ती सेवा केवढी होती ते कळते.

तेव्हा सभेत आईच्या कामाबरोबर ते कोणाच्या आधाराने झाले तेही सांगा. वडील पगार झाला की पाकीट न उघडता आईच्या हातात देत आणि आई बैठकीला गेल्या की स्वतः कुकर लावत, असे तुम्ही लिहिले आहे. त्या पिढीतल्या कारकुनाने हे करणे साधी गोष्ट नव्हती. ‘आदर्श पत्नी’ म्हणण्याऐवजी हेच सांगितलेत तर त्यांचा संसार कसा होता ते लोकांना कळेल. परीक्षेच्या सकाळचा प्रसंगही जरूर सांगा, मात्र तो पूर्ण सांगा: बाळंतीण कोणत्या अवस्थेत होती, आईने जाताना तुम्हाला काय सांगितले, तुम्ही भावांना काय वाढलेत आणि परीक्षागृहात पोहोचल्यावर हात कसे थरथरत होते. शेवटी ‘तरीही आई थोर होती’ अशी पुस्ती जोडू नका. ऐकणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या अशा कितीतरी थोरल्या मुली असतील. त्यांना वेगळे समजावण्याची गरज पडणार नाही.

‘तू माझ्याकडे कधी पाहिलेच नाहीस’ असे आईला म्हणायचे राहून गेले, हे दुःख मात्र सभेत मांडू नका. ते व्यासपीठावर बोलण्याचे नव्हे. त्यासाठी वेगळा कागद घ्या, आईला उद्देशून सगळे लिहा आणि तो कोणाला दाखवू नका. त्या दोन-तीन रात्री अवघड जातील, आणि झोप बिघडलेली राहिली किंवा रोजचे व्यवहार जड होऊ लागले तर समुपदेशकाची मदत घ्यायला संकोच करू नका. भावाशीही सभेच्या आधी एकदा निवांत बोला. त्याच्यावर मजकुरावरून रागावू नका; तो सर्वांत धाकटा, त्याला मिळालेली आई निराळी होती, कारण मधली जागा तुम्ही भरून काढली होती. बहुधा हे त्याला आजवर कोणी सांगितलेले नाही.

आणखी एक काम करा. आईच्या ट्रंकेत मंडळाच्या हिशेबाच्या वह्या आहेत असे तुम्ही लिहिले आहे: नाव, घेतलेली रक्कम, परत केल्याची तारीख, आणि ज्यांना फेडणे जमले नाही त्यांच्या नावापुढे फक्त एक आडवी रेघ. भाषण त्या वह्यांतून तयार करा, विशेषणे आपोआप गळून पडतील. मात्र कर्ज घेणाऱ्यांची नावे सभेत वाचू नका, त्यांची मुलेबाळे समोर असतील. आईबरोबर काम केलेल्या ज्या बाया आज ऐंशीच्या पुढे आहेत त्यांच्याकडे सभेपूर्वीच जा, मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा आणि मोर्चाच्या दिवशी त्या कुठे जमल्या, परत यायला किती वाजले, घरी कोण काय बोलले हे विचारा. वह्या मंडळाने मागितल्या तर जरूर द्या, पण त्याआधी प्रत्येक पानाची छायाप्रत काढून घ्या, एक तुमच्यासाठी आणि एक भावासाठी.