तुमचा सवाल, आमचा जबाब: अर्ध्यांनाच औषध देणारा डॉक्टर

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही कोथरूडला सोसायटीतले काही जण मिळून जुने इंग्रजी पिक्चर बघतो. परवा 'अ‍ॅरोस्मिथ' लावला, १९३१ चा. त्यात प्लेगची साथ चालू असताना हिरो डॉक्टर म्हणतो की अर्ध्या लोकांना औषध टोचायचं आणि अर्ध्यांना मुद्दाम नाही टोचायचं. आमची तर भांडणंच झाली, रिटायर्ड डॉक्टर काका म्हणतात हे बरोबर, माझी बायको म्हणते हा खुनीच आहे. आणि ती मर्ना लॉय अशी मध्येच येऊन गायब का होते?

उत्तर: वहिनींना सांगा, डायरेक्टर जॉन फोर्डलाही हे भांडण हवंच असणार :) काकांचा मुद्दा सरळ आहे. साथ ओसरली तर ती औषधाने ओसरली की आपसूक, हे कळायला औषध न घेतलेले लोक शेजारी असावेच लागतात, नाहीतर नुसता श्रेय घेण्याचा कार्यक्रम. पण वहिनींच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती चर्चेत निसटली असेल असं वाटतं. वेस्ट इंडीजमधल्या त्या बेटावरचे गोरे अधिकारी 'अर्ध्यांना नाही' म्हटल्यावर नकार देतात. मग डॉ. मर्चंड हा काळा डॉक्टर आपल्या लोकांवर प्रयोग करा म्हणतो, आणि रांगेत उभे राहतात ते सगळे काळे. म्हणजे अर्धे की पूर्ण हा प्रश्न नंतरचा, आधी विचारायचं की रांग कोणाची? (मर्चंडचं काम क्लॅरेन्स ब्रूक्सने केलंय. काळ्या नटाला नोकर किंवा विदूषक न करता शिकलेला, रुबाबदार डॉक्टर दाखवणं त्या काळात फारच दुर्मिळ होतं, ते श्रेय द्यायलाच पाहिजे.)

आणि आपल्याकडे काय वेगळं होतं? १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मान्य, कौतुकच आहे. पण नंतर मोठी चाचणी झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांना टोचलं, बाकीचे तुलनेला. आता तुरुंगातल्या माणसाचं 'हो' कितपत हो असतं ते तुम्हीच ठरवा. पुण्यात तर त्याच वर्षी सोल्जर घरात घुसून माणसं बाहेर काढत होते, पुढे २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घातली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्याच साथीत डॉ. यशवंत फुले पुण्याबाहेर माळावर दवाखाना चालवून येईल त्याला तपासत होते आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवता पोचवता १० मार्चला प्लेगनेच गेल्या, हे मात्र कोणी पटकन आठवत नाही.

पिक्चरमध्ये हिरोचा हट्ट मोडतो तो बायकोपायी. प्लेगचे जंतू सिगरेटवर सांडलेले असतात, त्याची बायको लिओरा एकटी घरात कंटाळलेली, ती तीच सिगरेट ओढते. संवाद नाही, काही नाही, एवढंच. लिओरा झालेली हेलन हेज इथे अख्खा सिनेमा खिशात घालते. ती गेल्यावर तो सगळ्यांनाच टोचत सुटतो आणि प्रयोग मातीत, आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कला परतल्यावर त्याचाच सत्कार.

मर्ना लॉयचं म्हणाल तर ती जॉइस, तिची आणि डॉक्टरची जवळीक होती पण १९३४ पासून हॉलिवूडचा सेन्सॉर कोड कडक झाला आणि री-रिलीज करताना तेच सीन उडवले, बिचारीचा रोलच उरला नाही. तुम्ही बहुतेक कापलेली कॉपी बघितलीत.

प्रश्न: मूळ कादंबरीचा लेखक स्वतः डॉक्टर होता का? आणि ते औषध खरं की थाप?

उत्तर: सिंक्लेअर लुईस डॉक्टर नव्हता, वडील आणि भाऊ डॉक्टर होते. लॅबमधला सगळा मालमसाला पुरवला पॉल द क्रुइफ या जंतुशास्त्रज्ञाने, त्याबद्दल त्याला रॉयल्टीतला चौथा हिस्सा मिळाला. कादंबरी १९२५ ची, तिला पुलित्झर जाहीर झालं तर लुईसने चक्क नको म्हणून सांगितलं, १९३० चं नोबेल मात्र घेतलं हो!

औषध थाप नाही. पिक्चरवाले सिरम सिरम करतात, पण पुस्तकात ते बॅक्टेरियोफेज आहे, म्हणजे बॅक्टेरियाला खाणारा व्हायरस. फेलिक्स देरेलने १९१७ मध्ये त्यावर पेपर छापला, आणि १९२७ मध्ये तो भारतात येऊन कॉलऱ्यावर त्याचे प्रयोगही करून गेला. नंतर अँटिबायोटिक्स आल्यावर जगभर बहुतेक ठिकाणी ते मागे पडलं. आता अँटिबायोटिक्सला न जुमानणारे जंतू वाढलेत म्हणून डॉक्टर लोक परत तिकडे वळून बघतायत.

प्रश्न: आधी पुस्तक वाचू की पिक्चर बघू?

उत्तर: पिक्चर. पुस्तक आधी वाचलंत तर हे राहिलं, ते राहिलं करत बसाल. पुस्तकात तो जॉइसशी लग्न करतो, मुलगाही होतो, आणि मग तिला, पोराला आणि बंगल्याला सोडून व्हरमाँटच्या जंगलात मित्राबरोबर संशोधन करायला निघून जातो. त्यावर वहिनी काय म्हणतात ते नक्की कळवा.