कुलूप कशाला लावलंत?

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. माणसासारखा विचार करणारा कॉम्प्युटर बनवायचा म्हणते. आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच ठरवलं आहे. सहामाहीत फिजिक्सला ६१ टक्के पडले, म्हणून तिचा ब्रेडबोर्ड (सर्किट जोडून पाहायची पाटी) आणि सोल्डर गन जेईई होईपर्यंत कपाटात कुलूपबंद केली आहे. एआयचा कोणता कोर्स लावावा? – एक पालक, सातारा

उत्तर : ६१ टक्क्यांची मला चिंता नाही. दहावीला नव्वदी गाठलेली मुलंही अकरावीत घसरतात आणि सावरतात. धास्ती वाटली ती कुलपाची. गुण कमी पडले म्हणून पोरीच्या हातातलं आवडीचं काम काढून घेणं ही शिक्षा झाली, आणि शिक्षेनं फिजिक्स सुधारत नाही. सर्किट जोडताना ती फिजिक्सच शिकत होती.

हे सगळं कोडिंगचं काम, हा तुमचा समज आधी दूर करते. मेंदूच्या धर्तीवर कॉम्प्युटर बनवण्याच्या या क्षेत्राला न्यूरोमॉर्फिक कॉम्प्युटिंग म्हणतात. नेहमीच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरी एकीकडे, प्रोसेसर दुसरीकडे. डेटाची सारखी ने-आण चालते आणि बरीच वीज त्यातच जाते. मेंदूत साठवण आणि काम एकाच जाळ्यात होतं, तेही साधारण २० वॉटवर. ही रचना सिलिकॉनमध्ये उतरवायची, तर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, कळायला हवा. १९८०च्या दशकात कॅलटेकच्या कार्व्हर मीड यांनी सुरुवात केली ती सर्किटपासूनच. २०१४ साली आयबीएमची ट्रूनॉर्थ चिप आली. तिच्यात दहा लाख कृत्रिम न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशींची नक्कल करणारी सर्किटं, आहेत. येणारे सिग्नल ठरावीक पातळी ओलांडेपर्यंत न्यूरॉन गप्प राहतो, ओलांडली की एक पल्स सोडतो. एवढ्या चिपला वीज लागते सुमारे ७० मिलिवॉट. त्या प्रकल्पाचे प्रमुख धर्मेंद्र मोधा आयआयटी मुंबईत शिकलेले. माणसासारखा विचार मात्र यातली कोणतीच चिप करत नाही, हे मुलीला स्पष्ट सांगा.

त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स किंवा इंजिनिअरिंग फिजिक्स ही शाखा कॉम्प्युटरपेक्षा कमी नाही, या कामासाठी तर जास्त जवळची. जेईई, सीईटी द्यायच्याच आहेत, त्यावर वेगळं सांगायला नको. पण पुढे एमटेक, बहुधा पीएचडी, एवढा लांबचा पल्ला आहे. तो पालकांच्या धाकानं पार होत नाही. एआयचा कोर्स आत्ता कोणताही लावू नका.

तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’ आहे, तिचं म्हणणं जेमतेम एका ओळीत. कुलूप आजच काढा, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही ते वाचून दुरुस्त करू नका. शाखेचं मी तिच्याशीच बोलेन.