गरम पोळीपेक्षा लवकर पोळी

एकट्यानं मुलं वाढवणारे पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा सुरुवात बहुधा वेळापत्रकापासून होते. "मॅडम, दिवस पुरत नाही, नियोजन कसं करायचं ते सांगा." खरा प्रश्न जरा उशिरा, बहुतेकदा उठता उठता निघतो. मुलांना घरकामाला लावलं तर त्यांच्यावर अन्याय होतो का? आधीच त्यांच्या वाट्याला एकच पालक, त्यात पुन्हा भांडीकपडे?

डोंबिवलीहून येणाऱ्या एका आईंची गोष्ट त्यासाठीच सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय चाळिशीच्या आतलं, फोर्टमध्ये बँकेत नोकरी, परस्परसंमतीनं घटस्फोट होऊन दोन वर्षं झालेली. मुलगी आठवीत, तिची शाळा सकाळची. मुलगा तिसरीत, त्याची दुपारची. ज्यांच्या घरात अशी दोन अधिवेशनं आहेत त्यांना पुढचं सांगायला नकोच. तीन माणसांचे तीन डबे, तीन वेगळ्या वेळांना.

त्या डायरी घेऊनच आल्या होत्या. पहाटे पावणेपाचला उठणं, साडेपाचला पाणी येतं ते भरणं, भाजी, पोळ्या, मुलीला उठवणं, मुलाला पाळणाघरात सोडणं, धावतपळत स्टेशन. परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर उद्याची गवार मोडून घेणं. पावणेआठला घरी, मग कणीक, गरम पोळ्या, सव्वानऊला जेवण, ओटा, मुलाचा अभ्यास, वर्गाच्या ग्रुपवर उद्या काय आणायला सांगितलंय ते बघणं, मशीन लावणं, साडेअकरा. "यात व्यायामाला अर्धा तास कुठे बसवू?" असं त्यांनी विचारलं. मी डायरी मिटून बाजूला ठेवली. ज्या दिवसात झोपच पाच तासांची आहे त्यात आणखी काही बसवायचं नसतं, काढायचं असतं.

काय काढायचं ते मात्र डायरीत दिसत नव्हतं, कारण त्यात फक्त त्यांची कामं होती. म्हणून आठवडाभर वेगळी नोंद करायला सांगितली. झालेलं प्रत्येक काम लिहायचं, मग ते कोणीही केलेलं असो, आणि शेजारी लिहायचं की ते लक्षात कोणी ठेवलं.

नोंद पाहून त्यांनाच नवल वाटलं. मुलगी बरंच काही करत होती. वाळलेले कपडे काढत होती, दूध तापवत होती, दुपारी भांडी-लादीला येणाऱ्या मावशींना दार उघडून ओटा रिकामा करून देत होती. पण प्रत्येक कामाआधी आईचा फोन होता. एका मंगळवारी घरी नऊ फोन. मशीन लावलंस का? गॅस बंद केलास? दादाच्या, म्हणजे धाकट्याच्या, दप्तरातला डबा काढला? कामं दोघी-तिघांत वाटलेली होती, पण ध्यानात ठेवण्याचा रकाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच नावानं भरला होता. त्या घर फोर्टमधून आणि लोकलमधून चालवत होत्या.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. एकल आईच्या घरात त्या ८८ मिनिटांचाही आधार नसतो, हे उघड आहे. (अनेक जणी म्हणतात, तो आधीही नव्हता.) पण मिनिटं हातांची मोजता येतात. ऑफिसात पासबुक छापताना डोक्यात "तांदूळ संपत आलेत" चालू असतं त्याची मिनिटं कुठल्या रकान्यात धरायची? थकवा तिथून येतो. रविवारी दुपारी दोन तास आडवं झालं तरी तो जात नाही, कारण आडवं झाल्यावरही यादी चालूच असते.

पुढच्या भेटीला मुलांना आणायला सांगितलं. मुलं फार कामाचं बोलतात, फक्त त्यांना "आईला मदत करता ना?" असं विचारू नये. मी विचारलं, "घरातली कुठली गोष्ट बदलावीशी वाटते?" मुलगी गप्प. धाकटा लगेच म्हणाला, "जेवण." सहाला शाळेतून येतो, भूक लागलेली असते, बिस्किटं खातो, आणि आई आल्यावर सव्वानऊपर्यंत थांबतो. आईनं समजावलं, "अरे, गरम पोळी मिळावी म्हणून ना?" त्यावर तो, "गरम पोळीपेक्षा लवकर पोळी बरी."

आईंचे डोळे भरून आले. त्या रात्रीच्या पोळ्यांमागे बरंच काही होतं. साताऱ्याहून त्यांची आई फोनवर सांगायची, "पोरांना काही कमी पडू देऊ नकोस." घटस्फोटानंतरच्या पहिल्या गणपतीत नात्यातल्या एका बाईंनी मुलीच्या हातात खराटा बघून म्हटलं होतं, "लवकर मोठी केलीस गं पोरीला." तेव्हापासून त्यांनी मुलांकडून काम सांगून घेणं जवळपास सोडलं, आणि अगदीच नाइलाज होईल तेव्हा फोनवरून सांगायचं, तेही अपराधी आवाजात. घर मोडलेलं नाही हे रोज रात्री तव्यावर सिद्ध करायचं चाललं होतं. ज्यांच्यासाठी करायचं ते भुकेनं पेंगत होते.

मला इथे स्पष्ट बोलायचंय. एकल पालकांच्या घरात जी कामं वेळ खातात त्यातली निम्मी गरजेची असतात आणि उरलेली साक्षीपुराव्याची. ही दुसरी कामं ओळखायची खूण सोपी आहे. ती बंद केली तर घरातल्या कोणाचं काही अडत नाही, फक्त कोणीतरी काहीतरी बोलेल अशी भीती वाटते. या आईंनी आठवड्यातले तीन दिवस रात्री पोळ्या करायच्या नाहीत असं ठरवलं. दोन दिवस स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या, एक दिवस खिचडी नाहीतर आमटीभात. जेवण सव्वाआठला. चिरलेली भाजी विकत घ्यायला त्यांचं मन तयार होत नव्हतं, "त्यात धुतलेलं काय नि न धुतलेलं काय", तर ती राहू दिली. माणसानं सगळंच सोडून द्यावं असा माझा आग्रह नसतो.

मग मुलांची कामं. इथली नेहमीची तक्रार त्यांनीही केली, "सांगून करून घेण्यापेक्षा मी केलेलं परवडतं." पहिला महिना हे शंभर टक्के खरं असतं. म्हणूनच सुटी सुटी कामं सांगत बसू नये, एखादं आख्खं खातंच हवाली करावं. मुलीनं कपडे घेतले. म्हणजे मशीन लावणं एवढंच नाही. कुठले कपडे कधी लागणार, पांढरे वेगळे, पावसात वाळत कुठे घालायचे, पावडर संपत आली की किराण्याच्या यादीत लिहायची, हे सगळं तिचं. आईनं त्या विषयावर फोन करायचा नाही. धाकट्याकडे तिघांच्या पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे डबे दप्तरातून काढून मोरीत ठेवणं आणि जेवणाची पानं घेणं. गॅसजवळचं काहीही नाही, आठ वर्षांच्या मुलाला ते देऊही नये.

दुसऱ्याच आठवड्यात पीटीचा पांढरा गणवेश धुवायचा राहिला. मुलगी रोजच्या गणवेशात गेली, वहीत शेरा घेऊन आली आणि आईवर चिडली, "आठवण का नाही केलीस?" आईंचा मला मेसेज आला, कपडे परत माझ्याकडे घेऊ का. माझ्या अनुभवात बहुतेक घरांचा बेत इथेच मोडतो. मूल एकदा चुकतं, पालकाला वाईट वाटतं, काम परत येतं, आणि मुलाला कळतं की दोनदा चुकलं की सुटका होते. मी कळवलं, घेऊ नका आणि रागावूही नका. एवढंच विचारा की पुढच्या वेळी लक्षात राहावं म्हणून ती काय करणार आहे. मुलीनं मशीनच्या झाकणावर कागद चिकटवला, "सोमवार रात्र – पीटी". अक्षर मोठं आणि रागाचं होतं म्हणे.

बालपण हिरावण्याची भीती मात्र मी उडवून लावली नाही, कारण या घरात ती अगदीच खोटी नव्हती. ती कपड्यांपाशी नव्हती. मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा कळलं की पोटगीची तारीख तिला पाठ आहे. ती उशिरा आली की आईचा चेहरा बदलतो, म्हणून ती स्वतःच बाबांना आठवणीचा मेसेज टाकते. शाळेनंतरचा बॅडमिंटनचा सराव तिनं सोडला होता, कारण सहा ते पावणेआठ भाऊ एकटा राहील. आईला तिनं सांगितलं होतं की कंटाळा आला.

मुलांना काय द्यायचं आणि काय नाही, हे मी इथे तपासते. कपडे वाळत घातले की काम संपतं, मूल खेळायला मोकळं होतं. पैसे आले की नाही, आई रडली का, भाऊ सुरक्षित आहे का, या गोष्टी कधीच संपत नाहीत आणि मुलाच्या हातात त्यांचा उपायही नसतो. तेरा वर्षांच्या मुलीनं मशीन लावावं, भाजी निवडावी, कुकर लावायला शिकावं. घराची दुसरी मोठी माणूस तिनं होऊ नये. गंमत अशी की आईनं तिच्याकडून खराटा काढून घेतला होता आणि हे ओझं नकळत दिलं होतं. बहुतेक घरांत असंच घडतं. कामं दिसतात, म्हणून त्यांचीच लाज वाटते.

त्यावरचे उपाय साधे होते, पण पैशांचे होते. पाळणाघरातल्या काकूंना विचारून मुलाची संध्याकाळची वेळही तिथे ठरवली. पोटगीबद्दलचं बोलणं फक्त दोन मोठ्या माणसांत, मुलीच्या फोनवरून काहीही नाही. सराव पुन्हा सुरू झाला आणि त्याची फी वडिलांनी भरायची ठरली.

वडिलांचा विषय काढल्यावर आई ताठ झाल्या होत्या. "त्याला कशाला काही मागू?" वडील दर शनिवारी मुलांना भेटत होते. मॉल, पिझ्झा, कधी सिनेमा. मुलं रात्री दमून यायची आणि रविवार गृहपाठाचा. माझं मत असं की जो पालक हयात आहे, मुलांना नियमित भेटतो आणि ज्याच्याकडे मुलं सुरक्षित आहेत, त्याच्या वाट्याला फक्त पिझ्झा येऊ नये. केस कापणं, शाळेचे बूट, प्रकल्पाचं कार्डशीट, दातांचा डॉक्टर, ही शनिवारचीच कामं आहेत. मेसेज कोरडा ठेवायचा: "या शनिवारी त्याचे केस कापायचे आहेत." कारण नाही, टोमणा नाही. केस आणि बूट मार्गी लागले. दातांचा डॉक्टर दोनदा पुढे ढकलला गेला आणि शेवटी आईच घेऊन गेल्या. ज्या नात्यात मारहाण किंवा धमक्या झाल्या असतील तिथे मात्र हा रस्ता धरू नये. तिथे आधी वकिलाशी बोलावं.

जोडीदार वारलेल्यांपुढे हा पर्यायच नसतो. कल्याणच्या एका वडिलांची अडचण तर उलटी होती. बायको गेल्यावर बहीण आणि आईनं घर इतकं उचललं की मुलांचे मोजे कुठल्या कप्प्यात असतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि मुलंही त्यांना विचारेनाशी झाली होती. ते राज्य सरकारच्या नोकरीत. महिला कर्मचाऱ्यांना मिळणारी १८० दिवसांची बालसंगोपन रजा २०१८ पासून पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही आहे. त्यांनी परीक्षेच्या काळात ती थोडी थोडी घेतली आणि डबा करायला शिकले. डबा कसा होता ते मुलांनी मला सविस्तर सांगितलं, ते जाऊ दे.

डोंबिवलीच्या त्या घरी येणाऱ्या मावशीही एकट्याच दोन मुलं वाढवतात, हे बोलता बोलता कळलं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. आईंनी मावशींचे कागद जमवून दिले. नियोजनाचे सल्ले आपण मध्यमवर्गीय घरांना देतो, तेव्हा त्या नियोजनाचा एक खांब दुसऱ्या कोणा एकल आईच्या खांद्यावर असतो हे सहसा बोललं जात नाही.

अलीकडच्या भेटीत आई आल्या त्या सहामाहीचं विचारायला. परीक्षेत मुलीचं कपड्यांचं काम बंद करू का? मी म्हटलं, घड्या तुम्ही घाला, मशीन तिच्याकडेच राहू दे. ते लावायला पाच मिनिटं लागतात, आणि उठायला निमित्तही मिळतं. व्यायामाचा अर्धा तास अजून कुठेच बसलेला नाही. झोप मात्र सव्वासहा तासांवर आली आहे, आणि त्या दिवशी मंगळवार असूनही घरी फक्त दोन फोन झाले होते. त्यातला एक मुलीनं केला होता, पावडर कुठली आणू म्हणून.