बोर्ड धडधाकट असूनही नवे लिनक्स त्यावर का चालत नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अंबडच्या कारखान्यात २००८ च्या सुमारास घेतलेला, एएमडी जिओड एलएक्स प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड आहे, त्यावर डेबियन ११ (लिनक्सचा एक तयार संच) व्यवस्थित चालते, पण डेबियन १२ टाकले की सुरुवातीलाच यंत्रणा कोसळते. बोर्डात दोष नाही आणि लिनक्सचा सोर्स तर सगळ्यांना खुला आहे, मग जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढतात तरी का, आणि हे ठरवते कोण?

मी नाशिकलाच सातपूरमध्ये मशीनवरचे संगणक आणि कंट्रोलर दुरुस्त करतो. नेमका हाच प्रोसेसर आणि हाच बिघाड माझ्या हातून गेलेला असल्यामुळे उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

माझ्याकडे आलेला तो संगणक बोअरचा व्यास मोजणाऱ्या एअर गेजचे आकडे सिरियल पोर्टवरून घेऊन साठवत असे. नवी आवृत्ती टाकल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नीट चढला, डिस्क सापडली आणि मग पडद्यावर ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ अशी ओळ येऊन सगळे गोठले. मी आधी रॅम बदलली, मग कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, मग पॉवर सप्लाय. दोन दिवस असे गेल्यावर त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या एक्झिटकोडकडे लक्ष गेले. तो ४ होता, आणि ४ क्रमांकाचा सिग्नल म्हणजे प्रोसेसरला न समजणारी सूचना. कार्ड काढून लॅपटॉपला जोडले आणि तिथल्या प्रोग्रामचे ऑब्जडम्प (त्यातल्या यंत्रसूचनांची यादी) काढले, तेव्हा कोडमधल्या मोकळ्या जागांत ‘नॉपएल’ ही सूचना जागोजागी दिसली. या सूचनेचा अर्थ ‘काहीही करू नको’ एवढाच आहे. पुढचा कोड मेमरीत सोयीच्या पत्त्यावर सुरू व्हावा म्हणून यंत्रसूचना तयार करणारा असेंबलर अशी भर घालतो. इंटेलच्या प्रोसेसरांत ती १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे. जिओड एलएक्समध्ये मात्र नाही. कारखान्याच्या मालकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे याला काही न करणंसुद्धा जमत नाही?’ तांत्रिकदृष्ट्या त्यांचे म्हणणे बरोबर होते.

हा अपघात नव्हता. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी किमान पातळी आय६८६ अशी वाढवली आणि नॉपएल गृहीत धरले; जिओडसारखे काही प्रोसेसर त्यामुळे बाहेर पडतील, हे प्रकाशनाच्या टिपांत स्पष्ट लिहिले होते. मी त्या टिपा नंतर वाचल्या. कर्नलचा यात काहीही दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. ३२ बिटांच्या एक्स८६ साठी असलेल्या कर्नलच्या मेकफाइलमध्ये (कंपाइल कसे करायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये), असेंबलरने आपल्या इच्छेविरुद्ध नॉपएल घुसवू नये म्हणून एक वेगळा पर्याय मुद्दाम दिलेला आहे, आणि म्हणूनच माझ्याकडे कर्नल चढला व त्यानंतरचा पहिला प्रोग्राम पडला.

तेव्हा ‘ठरवते कोण’ याचे उत्तर एका नावात देता येत नाही. कर्नल, कंपायलर (सोर्सचे यंत्रसूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम) आणि वितरण (डेबियनसारखा तयार संच) हे तिघेही वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी हात काढून घेतात, आणि माझ्या अनुभवात सर्वांत आधी व सर्वांत गुपचूप सुटतो तो कंपायलरचा हात.

कर्नलची बाजू तुलनेने सरळ आहे. १९९१ मध्ये लिनक्स जन्मले तेच इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीतून ३८६ चा सपोर्ट काढला गेला. मेमरीतल्या मूल्याची तुलना करून ते एका दमात बदलणारी सूचना ३८६ मध्ये नव्हती, आणि आजच्या कर्नलमधली सगळी लॉकिंगची (एका वेळी एकानेच बदल करावा यासाठीची) रचना तिच्यावर उभी आहे. शिवाय मेमरीचे एखादे पान ‘फक्त वाचण्यासाठी’ असे ठरवले, तरी खुद्द कर्नलने त्यावर लिहिल्यास ३८६ तक्रारच करत नसे. त्यामुळे वापरकर्त्याच्या मेमरीत लिहिण्यापूर्वी कर्नलला प्रत्येक वेळी वेगळी तपासणी करावी लागे. ४८६ ने हे दोन्ही दोष काढले, पण त्यातही ६४ बिटांचे मूल्य एकाच वेळी बदलण्याची सोय नाही; कर्नल इंटरप्ट बंद करून तिचे सोंग आणतो. मे २०२५ च्या आसपास कर्नलचा एक्स८६ विभाग सांभाळणाऱ्यांपैकी इंगो मोल्नार यांनी ४८६ आणि सुरुवातीचे काही ५८६ वगळण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यातून १४ हजारांहून अधिक ओळी कमी होणार होत्या. त्यांतला मोठा हिस्सा गणिती सहप्रोसेसर नसलेल्या यंत्रांसाठी अपूर्णांकांची आकडेमोड सॉफ्टवेअरमध्ये करणाऱ्या कोडचा होता. ओळी नुसत्या पडून राहिल्या तर त्रास नसतो, असे आपल्याला वाटेल. पण कर्नलच्या आतली एखादी रचना बदलायची झाली की त्या ओळीही बदलाव्या लागतात, आणि बदल बरोबर झाला की नाही हे पाहायला ४८६ चालू करून बसलेला माणूस कोणाकडेच नसतो.

यापेक्षा अवघड प्रकार अल्फाचा. डेक या अमेरिकी कंपनीच्या सुरुवातीच्या अल्फा प्रोसेसरांत एकटा बाइट मेमरीत लिहिण्याची सूचनाच नव्हती. ती १९९६ च्या सुमारास ईव्ही५६ या पिढीबरोबर आली. त्याआधीच्या यंत्रावर एक बाइट बदलायचा तर कंपायलरला आठ बाइटांचा अख्खा शब्द उचलून, त्यातला एक बाइट बदलून, पुन्हा पूर्ण शब्द ठेवावा लागे. एकट्या प्रोग्रामला यात अडचण नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या धाग्याने (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाने) शेजारचा बाइट बदलला असेल, तर त्याचे लिखाण पुसले जाते आणि कोणालाही कळत नाही. शेजारच्या बाइटांना स्वतंत्रपणे लिहिता आले पाहिजे असे सी भाषेचे २०११ चे मानक सांगते, त्यामुळे या प्रोसेसरावर मानकाप्रमाणे वागायचे तर कंपायलरला प्रत्येक बाइटमागे कसरत करावी लागते. २०२४ च्या ६.१० आवृत्तीत कर्नलने ईव्ही५ आणि त्याआधीचे अल्फा सोडले. ईव्ही५६ व त्यापुढचे ठेवले.

मोटोरोलाच्या ६८००० घराण्याची गंमत आणखी वेगळी आहे. तिथे चार बाइटांचा पूर्णांक दोनने भाग जाणाऱ्या कोणत्याही पत्त्यावर बसू शकतो, कारण लिनक्सच्या त्या पोर्टचे (त्या प्रोसेसरसाठी केलेल्या रूपाचे) नियम तसे ठरलेले आहेत. इतर बहुतेक यंत्रांवर पॉइंटरचे, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याचे, शेवटचे दोन बिट नेहमी शून्य असतात, म्हणून कर्नल लिहिणारे त्या दोन बिटांत आपल्या खुणा लपवतात. २०२५ मध्ये अडकलेल्या प्रक्रिया शोधणाऱ्या कोडने अशीच लॉकच्या प्रकाराची खूण शेवटच्या दोन बिटांत ठेवली आणि ६८००० वर लगेच इशारे छापले जाऊ लागले. ज्याने तो कोड लिहिला त्याची चूक म्हणावी, तर त्याच्यासमोरच्या एकाही यंत्रावर ती दिसली नसती.

आता कंपायलर. लिनक्सचा नेहमीचा कंपायलर असलेल्या जीसीसीमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे एक वर्णन लिहिलेले असते, आणि आतली यंत्रणा बदलली की ते सगळे नव्याने लिहावे लागते. तुलनेचा निकाल दाखवणारी ‘सीसी०’ ही जुनी पद्धत काढायची ठरली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या प्रत्येक प्रोसेसरसाठी कोणी तरी बसून वर्णन बदलणे भाग होते. ६८००० साठी चाहत्यांनी वर्गणी काढून बक्षीस लावले, एका अनुभवी माणसाने काम केले आणि २०२० च्या जीसीसी १० मध्ये ते आले. ते झाले नसते तर ६८००० साठी नवे कंपायलरच उरले नसते. रजिस्टरांचे (प्रोसेसरच्या आतल्या तात्पुरत्या जागांचे) वाटप करणारा ‘रीलोड’ हा जुना टप्पा आता त्याच वाटेवर आहे. त्याची जागा घेणारा एलआरए २०१३ च्या जीसीसी ४.८ पासून आहे, पण जुन्या प्रोसेसरांची वर्णने तिकडे नेणारी माणसे मोजकी आहेत.

उलटेही घडते. युनिकोर३२ या चिनी प्रोसेसरचा कंपायलर जीसीसीच्या मुख्य सोर्समध्ये कधी आलाच नाही, आणि २०२० च्या ५.९ कर्नलमधून तो प्रोसेसर गेला. २०१८ च्या ४.१७ मध्ये ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे आठ प्रोसेसर एकदम निघाले होते. इंटेलच्या इटॅनियमला जानेवारी २०२४ च्या ६.७ कर्नलने निरोप दिला. त्याच वर्षी जीसीसी १४ ने त्याला ‘कालबाह्य’ ठरवले, पण सांभाळायला स्वयंसेवक पुढे आल्यावर जीसीसी १५ ने तो शिक्का काढला. म्हणजे आज इटॅनियमला कंपायलर आहे, पण मुख्य कर्नल नाही.

मला सर्वांत बोलके वाटते ते एकॉर्न या ब्रिटिश कंपनीच्या रिस्क पीसी संगणकाचे उदाहरण. त्यात नंतर बसवला जाणारा स्ट्राँगआर्म प्रोसेसर दोन बाइटांचे मूल्य एकदम लिहू शकतो, पण १९९४ च्या त्या यंत्राची मेमरी बस ते पेलू शकत नाही. म्हणून प्रोसेसर नवा असूनही कर्नल जुन्या एआरएमव्ही३ सूचनासंचासाठी कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्या सूचना कोडमध्ये येतच नाहीत. पुढे जीसीसी ९ ने एआरएमव्ही३ काढून टाकले. आणि २०२५ च्या ६.१६ कर्नलने किमान जीसीसी ८.१ हवा असा नियम केला. रिस्क पीसीसाठी तेव्हापासून जीसीसीची फक्त आठवी मालिका उरली, एका बाजूला कर्नल आणि दुसऱ्या बाजूला कंपायलर यांच्यामधली बोटभर फट. ही किमान मर्यादा पुन्हा वर सरकली की ती बुजेल, आणि त्या दिवशी रिस्क पीसी काढा असे कोणी म्हटलेलेही नसेल.

रस्ट या नव्या प्रोग्रामिंग भाषेचा विषय मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर वाद फार आहेत. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टची सोय आली, ती ऐच्छिक म्हणून. रस्टचा नेहमीचा कंपायलर एलएलव्हीएम या (जीसीसीहून वेगळ्या) कंपायलर-यंत्रणेवर चालतो, आणि एलएलव्हीएमला अल्फासारखे प्रोसेसर माहीतच नाहीत. ६८००० चा सपोर्ट २०२१ मध्ये प्रायोगिक म्हणून आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटी या प्रोग्रामची देखभाल करणाऱ्यांनी मे २०२६ नंतर रस्ट अनिवार्य होईल असे जाहीर केले आणि ज्या पोर्टांकडे रस्ट नाही त्यांनी सोय करावी किंवा पोर्ट आवरते घ्यावे असे सांगितले. मला स्वतःला हा सूर कोरडा वाटला, पण त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही.

आपल्या बोर्डापुरता महत्त्वाचा मुद्दा असा, की ‘आय६८६’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा निराळा आहे. जीसीसीसाठी तो पेंटियम प्रो. रस्टसाठी पेंटियम ४, म्हणजे एसएसई२ या नंतरच्या गणिती सूचनांसह. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर ३२ बिटांचा कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही गेले, आणि उरलेली पॅकेजेस ६४ बिटांच्या यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरती आहेत. जिओड एलएक्समध्ये एसएसई अजिबात नाही, त्यामुळे पॅकेजच्या नावात आय६८६ दिसले म्हणून ते टाकू नये. एरवी हा प्रोसेसर टाकाऊ नव्हता. मुलांसाठी काढलेल्या एक्सओ-१ या स्वस्त लॅपटॉपमध्ये हाच होता, आणि भारतात ते लॅपटॉप सर्वांत आधी २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत पोचले होते.

एसएसई नसण्याचा आणखी एक परिणाम मोजमापाच्या कामात जाणवू शकतो. जुने गणिती एकक अपूर्णांक ८० बिटांत ठेवते आणि मेमरीत लिहिताना ६४ बिटांवर आणते. कंपायलरने मधली किंमत कधी बाहेर काढली यावर शेवटचा अंक बदलतो. जीसीसीच्या दोषनोंदीत ३२३ क्रमांकाखाली ही तक्रार २००० सालापासून आहे. गेजच्या आकड्यांची बरोबरी तपासताना थेट समान-चिन्ह वापरले असेल, तर कंपायलर बदलल्यावर तेवढी जागा जरूर पाहावी.

आता प्रत्यक्ष करायचे काय. डेबियन ११ वरच राहायचे असेल तर त्याच्या दीर्घकालीन सुरक्षा दुरुस्त्या ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहेत, हे लक्षात घेऊन बोर्ड कारखान्याच्या नेटवर्कपासून तोडावा आणि आकडे फक्त सिरियल केबलने दुसऱ्या संगणकाकडे द्यावेत. नवा कर्नल हवाच असेल तर बिल्डरूट (छोट्या बोर्डांसाठी कर्नल आणि प्रोग्राम सोर्सपासून तयार करणारे साधन) वापरावे. त्यात प्रोसेसर म्हणून जिओड निवडता येतो, कर्नलच्या पर्यायांतही जिओड एलएक्स वेगळा दिलेला आहे, आणि सगळे कंपाइलिंग लॅपटॉपवर होते; २५६ एमबी रॅमच्या त्या बोर्डावर जीसीसी चालवण्याच्या फंदात पडू नये. मी माझ्या गिऱ्हाइकासाठी हाच मार्ग धरला. तयार प्रतिमा (कार्डावर लिहायची फाइल) क्यूईएमयूमध्ये, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एमुलेटरमध्ये, चालली म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण एमुलेटर बहुधा खऱ्या प्रोसेसरपेक्षा उदार असतो. कार्डावर लिहिण्यापूर्वी प्रत्येक प्रोग्रामचे आणि लायब्ररीचे ऑब्जडम्प काढून त्यात नॉपएल शोधावे. माझ्या पहिल्या प्रतिमेत ते एकाच जागी सापडले होते, गेज बनवणाऱ्याने दिलेल्या, आधीच कंपाइल केलेल्या लायब्ररीत. तिचा सोर्स मिळवायला जितके दिवस गेले, तितके बाकीच्या सगळ्या कामाला गेले नाहीत, म्हणून आपल्याकडे तशी एखादी फाइल असेल तर पहिला फोन तिकडे करावा.